खडकातली डबकी वाचवा

बहुतेक ऑक्टोपसांची मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते. उपाशी राहून ती त्यांची राखण करते आणि पिल्ले बाहेर पडली की मरते. मध्य अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरचा, अंगठ्याच्या पेराएवढ्या धडाचा पट्टेरी ऑक्टोपस मात्र वेगळा. त्याची मादी पुनःपुन्हा अंडी घालते. पिल्ले प्रवाहाबरोबर दूर न जाता तळाशीच वाढतात, म्हणून तिथला खडक गेला की तिथले कूळच संपते. ओहोटीला उघडे पडणारे असे खडक आपल्याकडे पालघर जिल्ह्यात, तारापूरच्या उत्तरेला वाढवणलाही आहेत. तिथे बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव होणार आहे. त्याआधी पालघर-बोईसरच्या महाविद्यालयांनी मच्छीमारांना सोबत घेऊन या खडकांमधल्या डबक्यांतल्या प्रत्येक जिवाची नोंद करावी.