माझी वेणी मला घालायचीय

तीन वर्षं मी माझी वेणी स्वतः घातली नाही. आधी लेक घालून द्यायची. ती शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा सरळ केस कापून टाकले. ‘छान दिसतंय गं,’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना खरं कारण सांगितलंच नाही. उजवं कोपर वाकेनासं झालं होतं. घास डाव्या हातानं घ्यायची वेळ आली. देवळात तीर्थ घ्यायला कुठला हात पुढे करू, असं व्हायचं.

गुडघ्याचं दुखणं आपण निदान बोलून दाखवतो. कोपर दुखलं तर ‘धुणं जास्त झालं असेल’ म्हणून तेल चोळतो. मीही दोन वर्षं चोळलं. मग तपासणीत आमवात निघाला. हा पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुपटी-तिपटीनं जास्त आढळतो. गोळ्यांनी बोटं सुधारली, पण कोपर काही हलेना. शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं.

यात कोपराभोवती जेमतेम अर्ध्या-एक सेंटिमीटरचे काही छेद घेतात. एकातून कॅमेरा आत जातो, दुसऱ्यातून हत्यारं. सुजलेलं अस्तर, सांध्यात सुटे फिरणारे तुकडे, हाडाची वाढलेली टोकं काढतात. आवळलेलं आवरण मोकळं करतात. ऐकायला सोपं वाटतं, पण १९३१ साली न्यूयॉर्कच्या डॉ. मायकेल बर्मन यांनी कोपराचा सांधा दुर्बिणीला योग्य नाही, असंच लिहिलं होतं. जागा अरुंद आणि नसा खेटून. टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, ती नस तिथलीच. म्हणून ‘कोपराची अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का?’ हे डॉक्टरांना न लाजता विचारावं.

आणि ही जादू नव्हे. झिजलेली कूर्चा परत येत नाही, आमवाताच्या गोळ्याही सुटत नाहीत. सांधा पार झिजला असेल, तर नुसत्या साफसफाईनं भागत नाही.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. छेद लहान म्हटला, की घरच्यांना दुखणंही लहान वाटतं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी कणकेची परात पुढ्यात सरकवली. दुष्टपणानं नव्हे हो! हात हलवायला सांगितलाय, म्हणजे सून बरी झाली, असं त्यांना वाटलं. हात हलवायचा होता, नाहीतर कोपर पुन्हा आखडतं. पण जोर लावायचा नव्हता. हा फरक घरात कुणालाच ठाऊक नव्हता, कारण डॉक्टरांसमोर मी एकटीच बसले होते.

पुढच्या खेपेला ह्यांना आणि सासूबाईंना, दोघांनाही सोबत नेलं. डॉक्टरांनी समजावलं, की कोपर ३० ते १३० अंशांपर्यंत हललं, तर रोजची बहुतेक कामं होतात. पण ते व्यायामानंच टिकतं. त्या दिवसापासून परात ह्यांच्याकडे गेली. पोळ्यांचे नकाशे झाले, पण कुणी उपाशी राहिलं नाही.

मैत्रिणींनो, ऑपरेशनचे पैसे घर कसेबसे उभे करतं. त्यानंतरचे काही आठवडे मात्र आपल्याला कुणी आपणहून देत नाही. ते ऑपरेशनच्या आधीच मागून घ्या, आणि घरच्यांना डॉक्टरांसमोर बसवून घ्या.

माझे केस आता खांद्याखाली आलेत. वेणी थोडी वाकडी येते. पण माझी मी घालते.