दंगा पोरांचा, गल्ला थोरांचा

मार्च लागला की अमेरिकेतल्या महाविद्यालयांना आठवडाभराची सुट्टी मिळते. उत्तरेकडच्या राज्यांत तेव्हा थंडी सरलेली नसते. चार-पाच मित्र वर्गणी काढून पेट्रोल भरतात, आळीपाळीने स्टिअरिंग धरतात आणि ओहायो, मिशिगनहून दीड-दोन हजार किलोमीटर तुडवत फ्लोरिडाचा समुद्र गाठतात. यालाच तिकडे ‘स्प्रिंग ब्रेक’ म्हणतात. पुढे वाळूवर दारू, रात्रभर कानठळ्या बसवणारे संगीत आणि एकेका खोलीत आठ-दहा जण. मग त्या धिंगाण्याची दृश्ये जगभर फिरतात आणि ‘पिढी बिघडली’ असा निकाल देऊन मोठी माणसे मोकळी होतात. तो निकाल अर्धवट आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात या पोरांबरोबर त्यांना बोलावणारे आणि त्यांच्यावर कमावणारेही उभे राहायला हवेत.

फोर्ट लॉडरडेल या शहराचे उदाहरण घ्या. 1928 साली तिथे समुद्रालगत मोठा पोहण्याचा तलाव बांधला गेला. 1930च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठाचा पोहण्याचा संघ भर थंडीत तिथे सरावाला आला आणि त्याच्या पाठोपाठ इतर महाविद्यालयांचेही येऊ लागले. शहराला हे पाहुणे हवेच होते. हॉटेले भरत होती. 1960 मध्ये याच सुट्टीवरचा ‘व्हेअर द बॉइज आर’ हा चित्रपट आला आणि पोहणाऱ्यांच्या जागी मौज करणाऱ्यांची रीघ लागली. 1985 पर्यंत ही गर्दी साडेतीन लाखांच्या घरात गेली. तेव्हा कुठे शहराला जाग आली. उघड्यावर दारू पिण्याला चाप लावणारे नियम झाले आणि महापौर रॉबर्ट ड्रेसलर यांनी दूरचित्रवाणीवरून विद्यार्थ्यांना ‘आता इकडे येऊ नका’ असे सांगितले.

गर्दी ओसरली नाही, तिने गाव बदलले. डेटोना बीचचा किनारा भरू लागला आणि 1986 मध्ये एमटीव्हीने तिथे मुक्काम ठोकून तो धिंगाणा घराघरांत पोचवला. नंतर पाळी पनामा सिटी बीचची आली. 2015 च्या मार्चमध्ये तिथे एका पार्टीत गोळीबार होऊन सात जण जखमी झाले. त्याच हंगामात भरदिवसा, गजबजलेल्या वाळूवर, एका तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला आणि भोवतालच्या गर्दीतून कोणी तो थांबवला नाही. त्यानंतर तिथे मार्च महिन्यात किनाऱ्यावर दारू पिण्यास बंदी आली. 2024 मध्ये मायामी बीचने तर ‘स्प्रिंग ब्रेकशी आमचे नाते तुटले’ अशी जाहिरातच केली आणि बाहेरच्यांसाठी वाहनतळाचे भाडे शंभर डॉलरवर नेले. आधी बोलवा, मग कमवा आणि डोईजड झाले की हाकला, हाच क्रम गावोगाव दिसतो.

दारूचा हिशेबही तपासावा. 1984 च्या केंद्रीय कायद्याने, दारू विकत घेण्याचे किमान वय 21 न करणाऱ्या राज्यांचा महामार्गांचा निधी कापण्याची तरतूद केली. महाविद्यालयात नुकती आलेली मुले अठरा-एकोणीस वर्षांची असतात. म्हणजे त्यांच्या हातात दिसणारी बाटली कोणा मोठ्या माणसाच्या दुकानातून किंवा हातून आलेली असते. चार जणांच्या खोलीत दहा जण राहतात, हे हॉटेलच्या व्यवस्थापकाला कळत नाही असे नाही. नशेत गॅलरीतून पडून मुलांनी जीव गमावले आहेत. त्यांच्या आईबापांना ‘मुलांनी शुद्धीत राहायला हवे होते’ एवढेच सांगून भागत नाही.

मुलांना मोकळे सोडू नका, असे मात्र मला मुळीच म्हणायचे नाही. विशीतल्या मित्रांनी गाडी काढून दूर जाणे ही फार मोलाची गोष्ट आहे. रस्ता चुकला तर एकमेकांवर न चिडता तो शोधणे, तुटपुंजे पैसे पुरवणे, दमलेल्या मित्राला झोपू देऊन स्वतः जागे राहणे, हे शिक्षण वर्गात मिळत नाही. त्याच अमेरिकेत 1991 मध्ये ‘ब्रेक अवे’ ही संस्था सुरू झाली. सुट्टीचा आठवडा सेवाकार्याला देणाऱ्या विद्यार्थ्यांना ती मार्गदर्शन करते. कतरिना वादळानंतर, 2006 च्या वसंतात, हजारो विद्यार्थी न्यू ऑर्लिन्स आणि आसपासच्या किनारपट्टीवर गेले आणि चिखलाने भरलेली घरे साफ करत राहिले. तीही याच वयाची मुले होती. समोर कोणी दारूचा पेला धरतो की फावडे, याने मोठा फरक पडतो.

हे आपल्यालाही लागू आहे. परीक्षा संपली की पुण्या-मुंबईची मुले गोव्याला आणि कोकणात निघतात. गोव्याने 2019 मध्ये कायदा दुरुस्त करून किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणे आणि स्वयंपाक करणे दंडनीय ठरवले: तेव्हा दंड होता एकट्याला दोन हजार, टोळक्याला दहा हजार रुपये. हे योग्यच झाले. पण दंडाची पावती फक्त पिणाऱ्याच्या हाती पडली तर फ्लोरिडाची चूक आपण पुन्हा करू. कमी वयाच्या मुलांना दारू विकणाऱ्याचा परवाना गेला पाहिजे. पर्यटनाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा जीवरक्षक, रुग्णवाहिका आणि रात्रीच्या बससाठी बाजूला काढला पाहिजे. किनाऱ्यावर किती गर्दी आणि किती गोंगाट चालेल, हे तिथल्या ग्रामसभांनी हंगामाआधीच ठरवले पाहिजे. मुलांच्या सहलीवर जो पैसा मिळवतो, त्याने ती मुले सुखरूप घरी पोचवण्याची जबाबदारीही उचलावी.