फिनलंड राहू दे, आधी सावित्री ओलांडा!

शेवटचा पेपर व्हायच्या आधीच कॉलेजच्या ग्रुपवर 'मे महिन्यात कुठे?' सुरू होतं. कोणीतरी फिनलंडचं रील टाकतं. रात्री अकरालाही उजेड, निळं पाणी, पांढरी फेरीबोट. वीस बदाम पडतात. मग 'गोवा?', मग 'अलिबाग तरी?' आणि शेवटी सगळे महाड स्टँडसमोर वडापाव खाऊन घरी. ओळखीचं वाटतंय ना?

फिनलंडचं स्वप्न जरूर बघा, पण नीट बघा. हेलसिंकीला गेलेला माणूस सहसा सुओमेनलिन्ना बघतोच. बेटांवरचा हा सागरी किल्ला १७४८ मध्ये बांधायला घेतला. १९९१ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण भारी गोष्ट वेगळीच आहे. तिथे नेणारी फेरी शहराच्या वाहतुकीचाच भाग आहे. ट्राम-बसचं तिकीट बोटीवरही चालतं.

आता आपल्याकडे या. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. मुखाशी बाणकोटचा किल्ला, म्हणजेच हिम्मतगड. १७५६ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि फोर्ट व्हिक्टोरिया झाला. समोरच्या काठाला बागमांडला, हरिहरेश्वर. मधे जंगलजेट्टी. नदी, किल्ला, फेरीबोट, सगळं हजर आणि पासपोर्टची गरज नाही!

तरी आपल्यातले किती जण या मुखापर्यंत गेलेत? आपली सावित्री बातम्यांतली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पूल घेऊन गेलेली, जुलै २०२१ मध्ये बाजारपेठेत शिरलेली. पण हीच नदी एकेकाळी आपला हमरस्ता होती. डिसेंबर १९२७ च्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मुंबईचे प्रतिनिधी बोटीनं दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला आले. चवदार तळ्याच्या तारखा पाठ असलेल्यांनाही हा पाण्यावरचा रस्ता ठाऊक नसतो. ज्या नदीची आपल्याला फक्त भीतीच वाटते, तिच्यासाठी उद्या भांडणार कोण?

म्हणून हा प्लॅन घ्या. महाडहून गोरेगाव, म्हसळामार्गे श्रीवर्धन. पुढे हरिहरेश्वर, बागमांडला. जंगलजेट्टीनं वेसवीला उतरा, बाणकोट किल्ला बघा आणि वेळासला घरगुती मुक्काम करा. परत या मंडणगडवरून. कासवाची पिल्लं बघायची असतील तर मेपर्यंत थांबू नका; तोवर हंगाम बहुतेक आटोपलेला असतो.

आता खरी अडचण. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. तरी ग्रुपमधून सगळ्यात आधी गळतात ती मुलींचीच नावं. तिकीट अर्धं झालं, पण परवानगी अजून पूर्ण मिळत नाही. यावर माझ्या मते एकच उपाय, प्लॅन कागदावर आणा. गाडी कुठली, मुक्काम कुणाकडे, शेवटची फेरी किती वाजता, ती चुकली तर काय. 'बघू तिथे गेल्यावर' ऐकून कुठलीच आई हो म्हणणार नाही आणि त्यात तिचं चुकतही नाही. फक्त हा कागद मुलांनीही आपापल्या घरी दाखवायचा. नियम सगळ्यांना सारखा.

आणि जाताना वही घेऊन जा. जंगलजेट्टीवर गाडीवाला गाडीसकट चढतो आणि पलीकडे भुर्रकन निघून जातो. एसटीनं आलेल्याला मात्र पलीकडे उतरल्यावर पुढच्या गाडीची वाट बघावी लागते. आपली एसटी कुठे किती वेळ थांबली, बोट किती वाजता सुटली, पुढची गाडी कधी मिळाली, सगळं लिहून ठेवा. परत आल्यावर तेच आकडे घालून आगारप्रमुखांना अर्ज द्या. हेलसिंकीसारखं एकच तिकीट ही लांबची गोष्ट झाली, पण बसच्या आणि बोटीच्या वेळा जुळवणं काही अशक्य नाही. मागणाऱ्यांनी आधी प्रवास केलेला असला की मागणीला वजन येतं.

तेव्हा आजच ग्रुपवर तारीख टाका. वेळापत्रकं शोधायचं काम वाटून घ्या. आणि जो कोणी 'बघू' लिहील, त्याच्याकडे सगळ्यांचा हिशेब द्या!