खाऱ्या पाण्याची पेटी : आधी दगड, मग मासे
दिवाणखान्यात माशांची काचपेटी ठेवायची हौस आता पुष्कळ घरांत दिसते. गप्पी, मॉली, सोनमासे हे गोड्या पाण्यातले मासे तर आपल्या ओळखीचेच. पण खाऱ्या पाण्याची पेटी म्हटली की भल्याभल्या बिचकतात. आम्ही राहतो धाकट्या डहाणूला. दाराशी समुद्र, पलीकडे होड्या, वाळत घातलेले बोंबील. मला वाटलं, आपल्याला काय अवघड? भरतीचं पाणी आणावं, ओहोटीला उघडे पडणारे दगड आणावेत, की झाली पेटी तयार! तिथेच माझं चुकलं. तीच चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून आजचा हा विषय.

लहानपणी मुंबईला मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय. तिथले काचेमागचे रंगीत मासे मनात घर करून राहिले होते. मुलाच्या वाढदिवसाचं निमित्त झालं आणि पेटी घरात आली. ह्यांनी ओहोटीला जाऊन कालवं चिकटलेले दोन दगड आणले, दुकानातून नारिंगी पट्ट्यांचे दोन विदूषक मासे आले. तिसऱ्या दिवशी पाण्याला वास सुटला. पाचव्या दिवशी मुलगा उठायच्या आत मला दोन्ही मासे बाहेर काढावे लागले. "आई, त्यांना आपलं घर आवडलं नाही का गं?" त्यानं विचारलं. मला उत्तर सुचेना. शेजारच्या मावशींचा जन्म कालवं फोडण्यात गेलेला. त्या दगड पाहून म्हणाल्या, "अगं, ही कालवं पण जितीच होती की. ती मेली, नि मग मासे मेले."

मावशींनी अगदी नेमकं सांगितलं होतं. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं किंवा मेलेला जीव कुजला की पाण्यात अमोनिया तयार होतो, आणि माशांना तो विषासारखाच. समुद्र अफाट, तिथे तो पसरून जातो. पेटीत जाणार कुठे? त्याचा बंदोबस्त सूक्ष्म जिवाणू करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र थोडंफार चालतं. हे जिवाणू दगडाच्या छिद्राछिद्रांत वस्ती करतात. म्हणूनच अशा दगडाला 'जिवंत दगड' म्हणतात. दुधाला जसं विरजण, तसा पेटीला हा दगड! विरजण न लावता दह्याची वाट पाहण्यात काय अर्थ?

मग हा दगड आणायचा कुठून? परदेशांत प्रवाळाच्या बेटांजवळचे दगड विकत मिळतात. आपल्याकडे तसं करता येत नाही आणि करूही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे घातले गेले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. कुणी मालवणहून किंवा लक्षद्वीपहून आणलेलं पांढरंशुभ्र वाळलेलं प्रवाळ 'शोभेला ठेवा' म्हणून दिलं, तरी घेऊ नका. डहाणूच्या गढूळ पाण्यात प्रवाळ नाही, पण इथल्या खडकांवरही कालवं, स्पंज, किडे असा मोठा संसार असतो. पेटीत तो मरतो आणि आपल्याबरोबर माशांनाही नेतो.

तेव्हा कोरडा, सच्छिद्र चुनखडीचा दगड घ्या. ओळखायची युक्ती सोपी आहे : व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की चुनखडी फसफसते. दगड साध्या पाण्यात घासून स्वच्छ करा, साबण मुळीच लावू नका. रचताना तो थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि वाळू नंतर घाला. वाळूवर ठेवलेला दगड मासे खालून उकरतात, मग तो काचेवर कोसळतो. रचना पोकळ ठेवा, म्हणजे पाणी खेळतं आणि माशांना लपायला जागा मिळते.

पाण्याचंही तसंच. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ आणि होड्यांचं तेल असतं. स्वयंपाकाचं मीठही उपयोगाचं नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. मत्स्यपेटीसाठी मिळणारं तयार मीठ क्लोरीन काढलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घाला. हायड्रोमीटरवर १.०२३ ते १.०२५ दिसायला हवं. पुढे पाणी आटलं की भर मात्र गोड्या पाण्याची घाला. मिठागरात पाणी उडून जातं नि मीठ मागे राहतं ना? पेटीतही तेच होतं.

आता दगड आणि पाणी सुरू करा, आणि कोलंबीचा छोटासा तुकडा आत टाका. तो कुजून अमोनिया होईल, त्यावर जिवाणू वाढतील. कुणाच्या जुन्या, निरोगी पेटीतली मूठभर वाळू मिळाली तर फारच छान. चार ते आठ आठवडे लागतात. थेंब टाकून तपासायचा संच आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासा आणू नका. त्याआधी साठलेलं नायट्रेट कमी करायला थोडं पाणी बदला.

आता माशांची निवड. नुसत्या रंगावर भाळू नका. कुणाचं कुणाशी पटतं ते आधी विचारा. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत दगड धरून शंभर-सव्वाशे लिटर पाणी मावतं. त्यात चार लहान मासे पुष्कळ झाले.

विदूषक माशांची जोडी उत्तम. हे मासे आपल्या देशात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या प्रयत्नांनी, पैदास करूनही मिळतात. दुकानदाराला तसेच मागा. गंमत अशी की जोडीतली मोठी ती मादी, आणि ती गेली तर नरच मादी होतो! सोबत एखादा गोबी आणि एखादा फायरफिश घ्या. फायरफिश उडी मारतो, म्हणून वर जाळीचं झाकण हवंच. निळा डॅमसेल स्वस्त आणि चिवट, पण भारी भांडखोर. घ्यायचाच तर एकच, आणि सगळ्यांच्या शेवटी. सिंहमाशाचे काटे विषारी, शिवाय तोंडात मावेल तो शेजारी तो गिळतो. केंड शंखातले खेकडे फोडून खाते. फुलपाखरू मासा दिसायला देखणा, पण बऱ्याच जाती पेटीतलं खाणं खात नाहीत आणि उपासानं मरतात. सर्जन माशाला मोठी पेटी लागते.

शांत मासे आधी, तापट नंतर, आणि दोन खेपांत निदान दोन-तीन आठवड्यांचं अंतर, हा क्रम पाळा. नवा मासा सोडण्याआधी दोन-चार दगड हलवून ठेवा. जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि नव्याला कमी त्रास होतो. तांब्याचं औषध पेटीत कधी घालू नका, कोलंबी आणि गोगलगायी मरतात. वीज गेली तर म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या.

दुसऱ्या वेळी आम्ही सात आठवडे नुसते दगड पाहत बसलो. येणारे-जाणारे हसायचे, "मासे कुठे आहेत?" म्हणून विचारायचे. मुलगाच सांगायचा, "अजून त्यांचं घर तयार होतंय." आज दीड वर्षानंतर तीच जोडी पेटीत आहे. तुम्हीही घाई करू नका. मासे दुकानातून केव्हाही आणता येतील. त्यांचं घर आधी तयार होऊ द्या.