शून्याचा अट्टहास आणि कॉफीचा पेला

आमच्या भरवेलीत अलीकडे एक नवा पाहुणचार रूढ झाला आहे. पाण्याचा पेला पुढे करताना यजमान अभिमानाने सांगतात, "आमचे पाणी वीसचे आहे हो!" वीस म्हणजे लिटरमागे वीस मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. आकडा जितका लहान तितके घर मोठे, अशी समजूत झालेली दिसते. तिला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि साक्षीला मी कॉफीचा पेला उभा करतो. विषय क्षुल्लक वाटला तरी सुज्ञ वाचकांनी थोडा धीर धरावा.

चिरंजीवांच्या आग्रहाने आमच्याकडेही आर. ओ. यंत्र आले. विक्रेत्याने दोन पेल्यांत विजेच्या कांड्या बुडवल्या. नळाचे पाणी पाहता पाहता तांबूस, गढूळ झाले. यंत्राचे तसेच राहिले. घरातील मंडळी हबकली. वस्तुतः तो गाळ पाण्यातला नव्हेच. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते, लोखंडी कांडी झिजते आणि गंज पाण्यात उतरतो. निःक्षार पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. शासकीय सेवेत पाण्याचे तपासणी अहवाल वाचण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासमोर हा खेळ चालला, आणि मी संकोचाने गप्प बसलो. ती चूक माझी.

त्यानंतर घरची कॉफी बिघडली. आमच्याकडे दक्षिणी पद्धतीचे पितळी गाळणे आहे. अर्क काढून त्यात दूध आणि किंचित जायफळ, हा क्रम चाळीस वर्षांचा. आता अर्क पातळ, आंबूस उतरू लागला. पूड बदलली, प्रमाण वाढवले, गवळ्याला बोल लावून झाले. अखेर सौभाग्यवतींनी शेजारच्या विहिरीची कळशी आणवली आणि त्याच पुडीची कॉफी केली. जुनी चव परतली.

याचे कारण रसायनशास्त्रात आहे. इंग्लंडातील बाथ विद्यापीठात ख्रिस्तोफर हेन्डन यांनी कॉफीचे व्यावसायिक मॅक्सवेल कोलोना-डॅशवूड यांच्यासह २०१४ साली यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पाण्यातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम पुडीतील स्वादद्रव्यांना धरून ठेवतात, त्यांतही मॅग्नेशियम अधिक, असे त्यांचे गणित सांगते. बायकार्बोनेटचे काम वेगळे. ते कॉफीतील आम्ले शमवते: मुळीच नसेल तर पेला आंबट लागतो, फार झाले तर सपक. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने लिटरमागे १५० मिलिग्रॅम क्षारांचे लक्ष्य सांगितले; ७५ ते २५० ही मर्यादा. आमचे 'वीसचे' पाणी त्या उंबरठ्याशीही पोहोचत नाही.

कोणी म्हणेल, आपण दूध-साखर ओततो, तिथे पाण्याची काय मातब्बरी? बाटलीतील झटपट कॉफीबाबत हा आक्षेप बराचसा खरा आहे. तिचा अर्क कारखान्यातच निघालेला असतो. गाळण्याच्या कॉफीत मात्र दूध पडण्यापूर्वीच पाण्याने आपले काम केलेले किंवा बिघडवलेले असते. आणि आपल्या आज्या तरी दुसरे काय करीत होत्या? अमक्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, तमक्यात साबणाला फेस येत नाही, हे त्यांना मीटरावाचून कळत होते. डाळीला मृदू पाणी लागते, कॉफीला थोडे जड. दोहोंना पुरेल असे एकच 'शुद्ध' पाणी नसते.

मँगेनीजच्या खाणीशेजारी राहणाऱ्याने पाणी तपासूनच प्यावे, हे मी आधी म्हणेन. भारतीय मानक १०५०० नुसार मँगेनीज लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे, आणि दुसरा स्रोत नसल्यास ०.३ पर्यंत. पण खिशातला मीटर हे सांगतच नाही. गर्दी किती, एवढे तो दाखवतो. गर्दीत चोर कोण, ते प्रयोगशाळा सांगते. त्याच मानकात एकूण क्षारांची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे, आणि राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१९ मध्ये पाचशेच्या आतल्या पाण्यावर अशा यंत्रांना बंदी घालण्याचे निर्देश केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिले, ते उगाच नव्हे. मी यंत्राच्या सांडनळीखाली बादल्या लावून पाहिल्या. दहा लिटर गाळताना पंचवीसहून अधिक लिटर मोरीत गेले. उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या वस्तीत हे पाहवत नाही.

आता काढलेले क्षार परत घालण्याच्या पुड्या महागड्या दराने विकल्या जातात, याला काय म्हणावे? ज्यांना यंत्र खरोखर आवश्यक आहे, त्यांनी औषधी दर्जाचे एप्सम मीठ (शेतीचे नव्हे) दहा लिटरमागे पावणेदोन ग्रॅम आणि खाण्याचा सोडा पाऊण ग्रॅमहून किंचित कमी घालावा; कॉफीपुरते ते पुरते. ज्यांचा अहवाल निर्दोष आहे, त्यांनी यंत्रातील मिश्रणाचा स्क्रू उघडून घ्यावा. कारागीर तो बंद करून शून्य दाखवण्यास उत्सुक असतात. पाण्यात फ्लोराइड वा अन्य दोष निघाला असेल, तर मात्र त्या स्क्रूला हात लावू नये.

आमच्या पाण्याचा अहवाल आला, मर्यादेत निघाला. स्क्रू उघडला, मीटर आता १४० दाखवतो. चिरंजीव फोनवर नाराज आहेत. सौभाग्यवतींनी गवळ्याची माफी मागावी, असे मी सुचवले आहे. ते अद्याप झालेले नाही.