‘दोन टन आरामात ओढते’ हे वाक्य दुकानाला किती महाग पडतं

या आठवड्याच्या व्हिडिओत डिलिव्हरीची गाडी घेताना काय बघायचं यावर बोललो. व्हिडिओत आकडेमोड फार करता येत नाही, लोक पुढे ढकलतात. म्हणून ती इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. पिकअप किंवा छोटा टेम्पो घेताना आपण चुकीचा प्रश्न विचारतो. आपण विचारतो, ‘गाडी किती ओढते?’ शोरूमवाला, मेकॅनिक, शेजारचा दुकानदार, सगळे एकच उत्तर देतात: ‘दोन टन आरामात.’ ओढते, यात वाद नाही. आजकालच्या इंजिनात तेवढा दम आहे. पण इंजिनाने ओढणं, ब्रेकने थांबवणं आणि कायद्याने चालणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. धंद्याचा हिशोब तिसऱ्या आकड्यावर बसवायचा असतो आणि जीव दुसऱ्यावर अवलंबून असतो. आपण मात्र पहिल्याच आकड्यावर खूश होऊन भाडं ठरवतो.

ब्रोशरवरचा आकडा पूर्ण तुमचा नसतो

प्रत्येक मालवाहू गाडीच्या आरसीवर दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं आणि दुसरं मालासकट जास्तीत जास्त, ज्याला आपण जीव्हीडब्ल्यू म्हणतो. दोन्हीतला फरक म्हणजे पेलोड. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण त्या पेलोडमधून माल सोडून आणखी कोण कोण जेवतं, हे कुणी मोजत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा गाडीचं जीव्हीडब्ल्यू २,७५० किलो आणि रिकामं वजन १,४५० किलो. ब्रोशरवर ठळक अक्षरात १,३०० किलो. आता वजा करत जाऊ.

- नंतर बसवून घेतलेले लोखंडी पाइप, वर वाढवलेले फाळके, ताडपत्री: १२० किलो
- ड्रायव्हर आणि एक हमाल: १४० किलो
- दोर, जॅक, फळ्या, हातगाडी, सीटमागचं सामान: ४० किलो

झाले ३०० किलो. मालासाठी उरले १,००० किलो, म्हणजे सिमेंटच्या ५० किलोच्या २० गोण्या. मालकाच्या डोक्यात २६ गोण्या असतात, कारण तो ब्रोशर वाचून बसलाय. आणि गाडीत प्रत्यक्षात भरल्या जातात ४०, कारण ‘दोन टन आरामात’. एकूण वजन ३,७५० किलो. बरोबर एक टन जास्त.

तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. कुणाची बॉडी नोंदणीच्या वेळीच वजनात धरलेली असेल, कुणी नंतर गॅरेजमध्ये वेल्डिंग करून घेतली असेल. म्हणून अंदाज नको. ताडपत्री, सामान, ड्रायव्हर, हमाल सगळ्यांसकट रिकामी गाडी एकदा भुईकाट्यावर चढवा. काट्याची पावती घ्या. आरसीवरच्या जीव्हीडब्ल्यूमधून तो आकडा वजा करा. उरेल तेवढाच तुमचा खरा पेलोड.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही

अमेरिकेत लोक पिकअपच्या मागे चाकांवरचं घरच जोडून फिरायला निघतात. त्यातल्या एका प्रकाराला फिफ्थ-व्हील ट्रेलर म्हणतात. त्याची जोडणी मागच्या बंपरला नसते, तर पिकअपच्या हौद्यात, मागच्या अॅक्सलच्या वर असते. त्यामुळे ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार थेट पिकअपच्या पाठीवर येतो.

आता जाहिरातीत पिकअपची ओढण्याची क्षमता समजा ६,५०० किलो लिहिलीय आणि ट्रेलर भरून ५,००० किलोचा आहे. वाटतं, दीड टन हातचा शिल्लक आहे. पण ५,००० च्या २० टक्के म्हणजे १,००० किलो हौद्यावर आले. जोडणीचं लोखंड ८० किलो. घरातली चार माणसं आणि सामान ३५० किलो. झाले १,४३० किलो. आणि ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेल्या कागदावर त्या गाडीचा पेलोड असतो समजा १,२०० किलो. म्हणजे ओढायच्या आकड्यात गाडी पास आणि पाठीवर घ्यायच्या आकड्यात नापास. वर आणखी एक गंमत. ट्रेलर घेताना विक्रेता रिकामं वजन सांगतो. पाण्याची टाकी, गॅस, भांडी, कपडे नंतर चढतात. नुसतं २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो.

देश वेगळा, गाडी वेगळी, पण सापळा तोच. जाहिरात मोठा आकडा दाखवते आणि गाडी सगळ्यात लहान आकड्यावर अडते. तुमचा आकडा म्हणजे नेहमी त्यातला सगळ्यात लहान.

हौदा भरला म्हणजे गाडी भरली असं नाही

दुसरी गडबड डोळ्यांची. आपण हौद्यातली जागा बघून माल भरतो. फोम, थर्माकोल, रिकाम्या बाटल्या यांत जागा आधी संपते, वजन नाही. हार्डवेअर, टाइल्स, ग्रॅनाइट, पाण्याचे जार यांत उलटं. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि गाडी कधीच ओव्हरलोड झालेली असते.

८ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि दीड फूट उंच हौदा धरा. झाला ६६ घनफूट, म्हणजे ब्रासचा दोन-तृतीयांश. कोरडी वाळू साधारण १,६०० किलो प्रति घनमीटर धरली, तर काठोकाठ भरलेल्या हौद्यात जवळजवळ तीन टन बसतात. हौद्यात मावलं म्हणून गाडीला पेललं असं होत नाही.

सळईवाल्यांनी तर अंदाज लावायची गरजच नाही. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरमागे किलो मिळतात. १२ मिलिमीटरची १२ मीटरची सळई साधारण १०.७ किलो. आपण बिल वजनावरच करतो ना? मग तेच वजन गाडी भरतानाही वापरायचं. बिलावर एकूण वजन एका कोपऱ्यात छापून येऊ द्या. सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांचं काम आहे.

२००५ मध्ये टाटा एस आली. पेलोड ७५० किलो. लोकांनी प्रेमाने ‘छोटा हत्ती’ म्हटलं. मला वाटतं त्या नावातला ‘हत्ती’ आपल्याला जास्त ऐकू आला आणि ‘छोटा’ कमी. ७५० किलो म्हणजे १५ गोण्या, त्याही माणसं न धरता.

आता पैशाचं बोलू

‘हे सगळं बरोबर आहे, पण दोन खेपा परवडत नाहीत.’ हा खरा मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. ४० गोण्यांची ऑर्डर, साइट १५ किलोमीटरवर. एका खेपेऐवजी दोन केल्या तर जादा ३० किलोमीटर. गाडी १२ चं अॅव्हरेज देते असं धरा, म्हणजे अडीच लिटर डिझेल. ९० रुपयांनी २२५ रुपये. ड्रायव्हर आणि हमालाचा जादा दीड तास, २५० रुपये धरा. एकूण ४७५.

हे ४७५ रुपये ४० गोण्यांवर वाटा. गोणीमागे १२ रुपये सुद्धा होत नाहीत.

आपण ओव्हरलोड करतो ते या १२ रुपयांसाठी. गिऱ्हाइकाला ‘दोन खेपांची डिलिव्हरी आहे, गोणीमागे १२ रुपये वाहतूक’ हे सांगायची हिंमत होत नाही म्हणून. ही अडचण गाडीची नाही, दर सांगण्याची आहे. ती पाट्यांवर आणि टायरवर ढकलून सुटत नाही.

आता दुसरी बाजू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडसाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार अशी तरतूद आहे. जादा माल उतरवून घ्यायचा खर्चही तुमचाच. वजनासाठी गाडी थांबवली नाही किंवा वजन करू दिलं नाही, तर ४० हजार. सळया किंवा पाइप हौद्याच्या बाहेर आले, तर तोही वेगळा गुन्हा, त्यालाही २० हजार. आपल्या उदाहरणातला एक टन धरला तर २२ हजार. भागिले ४७५. म्हणजे ४६ खेपांमध्ये ‘वाचवलेले’ पैसे एका पावतीत गेले. टायर, क्लच, पाटे, बेअरिंग यांचा हिशोब मी अजून धरलेलाच नाही. तो खर्च ‘मेंटेनन्स’ या खात्यात लपतो आणि आपण गाडीच्या कंपनीला शिव्या घालतो.

ड्रायव्हर ‘नाही’ म्हणू शकत नाही

पैशापेक्षा मला जास्त टोचणारी गोष्ट ही आहे. गोण्या किती भरायच्या हे गल्ल्यावर ठरतं. केबिनमध्ये बसतो दुसराच. महिन्याच्या पगारावरचा पोरगा मालकाला ‘शेठ, २० च भरा’ असं म्हणणार नाही. म्हटलं तर ‘बाकीचे नेतात, तुलाच काय होतं?’ हे ऐकावं लागतं.

२,७५० किलोसाठी बनवलेल्या ब्रेकवर ३,७५० किलो टाकले, तर त्याच वेगातून थांबताना ब्रेकला ३६ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. सपाट रस्त्यावर ते लक्षात येत नाही. कसारा किंवा कुंभार्ली उतरताना लायनर तापतात, पेडल दबत जातं आणि गाडी मात्र थांबत नाही, तेव्हा येतं. माल मागच्या अॅक्सलच्याही मागे रचला असेल तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. ‘कंपनी मार्जिन ठेवतेच की’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर: ठेवते, पण ते खड्ड्यांसाठी आणि अचानक ब्रेक मारण्यासाठी. ते आपल्या नफ्यासाठी ठेवलेलं नाही.

कायदाही फक्त ड्रायव्हरला धरत नाही. गाडी चालवणारा, ती चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, तिघांनाही धरतो. म्हणजे गल्ल्यावर बसलेले आपण त्यात आलोच.

मग गाडी कोणती घ्यायची?

गाडीचं मॉडेल सगळ्यात शेवटी ठरवा. आधी मागच्या तीन महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येक डिलिव्हरीचं वजन लिहा. दहापैकी आठ खेपा ज्या वजनाच्या आत बसतात, तो तुमचा आकडा. त्यात माणसं आणि बॉडी मिळवा. तेवढ्या पेलोडची गाडी घ्या. उरलेल्या दोन खेपांसाठी मोठी गाडी भाड्याने बोलवा. वर्षातून वीस दिवस लागणाऱ्या ताकदीसाठी बारा महिने हप्ता भरायचा नाही. आणि वर्षभर लागणाऱ्या ताकदीसाठी छोटी गाडी कुथवायची नाही.

वजन खरोखरच वाढलं असेल तर मोठी गाडी घ्यायला घाबरू नका. ‘मग हेवी लायसन्सवाला ड्रायव्हर कुठून आणू?’ असं बरेच जण विचारतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केलंय की एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते.

आणि या आठवड्यात करायचं एकच काम. भुईकाट्यावर जा, तुमचा खरा पेलोड काढा आणि तो किलोमध्ये न लिहिता तुमच्या मालाच्या भाषेत लिहा: २० गोण्या, ३५ पेट्या, ९० सळया, जे असेल ते. पेंटरकडून हौद्याच्या आतल्या बाजूला, हमालाला दिसेल असा रंगवून घ्या. म्हणजे ‘शेठ, बास’ म्हणायला ड्रायव्हरला स्वतःचं तोंड उघडावं लागणार नाही. गाडीच सांगेल, आणि गाडीशी वाद घालता येत नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत.