खंदकातून दिसणारे युद्ध

युद्धकथा वाचताना आपण प्रसंगांत रमतो. ते कोण सांगत आहे, हे क्वचितच विचारतो. एरिक मारिया रेमार्क यांची १९२९ साली पुस्तकरूपाने आलेली ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही जर्मन कादंबरी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. निवेदक पॉल बॉयमर हा शाळेच्या बाकावरून सैन्यात गेलेला तरुण. सेनापतींचे नकाशे त्याला दिसत नाहीत. दिसतो तो चिखल, भूक आणि शेजारचा सोबती. शत्रूही बहुधा अदृश्यच. मात्र तोफगोळ्याच्या खड्ड्यात पॉलच्या हातून घायाळ झालेला फ्रेंच सैनिक तासन्‌तास तडफडत राहतो, तेव्हा त्याच्या पाकिटातील पत्नी-कन्येची छायाचित्रे वाचकही पॉलच्याच डोळ्यांनी पाहतो. सेनाधिकाऱ्याच्या निवेदनात हा प्रसंग आलाच नसता. अखेरीस ऑक्टोबर १९१८ मध्ये पॉल पडतो, ‘मी’ संपतो आणि तिऱ्हाईत निवेदक ते मोजक्या वाक्यांत कळवतो.

१९३३ साली नाझींनी या पुस्तकाची होळी केली. आरोप काय, तर महायुद्धातील सैनिकांशी द्रोह! रेमार्क स्वतः १९१७ मध्ये त्याच आघाडीवर जखमी झाले होते.

पॉलच्या दृष्टीला मर्यादा आहेच. बेल्जियमवर आक्रमण कोणी व का केले, हे खंदकातून कळत नाही. त्यासाठी इतिहासच वाचावा लागतो. परंतु सैनिकाविषयी आदर बाळगणाऱ्या घरांत मुलांच्या हाती केवळ सेनापतींच्या विजयगाथा द्याव्यात आणि शिपायाचे कथन कपाटात ठेवावे, हे मला तरी पटत नाही.